गाडी शिकायला पाच मिनिटं, बर्फ ओळखायला किती?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

इअरफोन लावून ऐकत असाल तर हरकत नाही, पण गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी बाजूला थांबा. आजचा भागच मुळी गाडी आणि जीव याबद्दल आहे.

विषय आहे स्नोमोबाइल. म्हणजे बर्फावर पळणारी गाडी. आपल्याकडं गुलमर्ग-मनालीला तिला स्नो स्कूटर किंवा स्नो बाईक म्हणतात. एका मित्राला म्हणलं, या विषयावर बोलणार आहे. तो म्हणला, "अबे, नांदेडात मे महिन्यात बर्फाचा गोळा हातात येईपर्यंत पाणी होतो, आणि तू बर्फावरची गाडी काय सांगायलास?"

बरोबर आहे त्याचं. पण तीन कारणं आहेत. पहिलं, आपली माणसं बर्फात जायला लागलीत. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसर, तिथून पुढं कुठंही. जून २०२५ पासून तर कटरा ते श्रीनगर वंदे भारतसुद्धा सुरू झाली. लग्न झालं की काश्मीर, पहिला बोनस आला की मनाली. दुसरं, नांदेड-लातूरची कितीतरी पोरं शिकायला किंवा नोकरीला मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा, फिनलंड अशा ठिकाणी आहेत. तिथं पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधलं कुणीतरी म्हणतंच, "चल, वीकेंडला स्नोमोबाइलिंग करू." मी स्वतः कामानिमित्त दोन हिवाळे मिनेसोटात काढलेत, त्यामुळं तिथलं थोडं जवळून बघितलंय. तिसरं कारण जरा नंतर सांगतो, ते थेट आपल्या मुखेड-उदगीरच्या रस्त्यावरचं आहे.

आजच्या भागात एकच मुद्दा पक्का करायचाय. ही गाडी चालवायला शिकायला पाच मिनिटं लागतात. खालचा बर्फ ओळखायला मात्र विचारावं लागतं, मोजावं लागतं, थांबावं लागतं. अपघाताचं बरंचसं मूळ या फरकात आहे.

ही गाडी आली कुठून?

थोडा इतिहास, कारण तो मला फार भिडतो. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वालकूर नावाचं छोटं गाव. तिथं जोसेफ-आर्मां बोंबार्दिए नावाचा एक मेकॅनिक राहायचा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, आणि मुलगा गेला. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता. त्यानंतर त्यानं ते काम तडीस नेलं आणि १९३७ मध्ये त्याला पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट मिळालं. १९५९ मध्ये त्याच्या कंपनीची छोटी गाडी बाजारात आली, स्की-डू. आज आपण जिला स्नोमोबाइल म्हणतो, ती तिथून घराघरात गेली.

म्हणजे जीव वाचवण्याशी या गाडीचं नातं पहिल्यापासून आहे. आजही उत्तरेकडच्या कितीतरी वस्त्यांमध्ये हीच गाडी हिवाळ्यात दवाखाना, शाळा, किराणा सगळं जोडते. आपलं लष्करही सियाचिनमध्ये स्नो स्कूटर वापरतं. त्यामुळं "ही गाडीच धोकादायक आहे, बसूच नका" असं मी म्हणणार नाही. नीट वापरली तर कामाची आणि मजेची गाडी आहे.

ॲक्टिव्हाची सवय इथं नडते

आता गाडी समजून घेऊ. पुढं दोन स्की, म्हणजे घसरपट्ट्या. मागं रुंद रबरी पट्टा, रणगाड्यासारखा फिरणारा. मध्ये इंजिन. वजन साधारण दोनशे ते तीनशे किलो. गिअर टाकायचे नसतात, ॲक्टिव्हासारखंच. म्हणून आपल्याला वाटतं, जमलं की! आणि तिथंच तीन सवयी आडव्या येतात.

पहिली सवय, ॲक्सिलरेटर. आपण मूठ पिळतो. इथं उजव्या अंगठ्यानं दाबायची एक पट्टी असते. घाबरलं की माणूस हँडल घट्ट आवळतो. आवळलं की अंगठाही दाबला जातो आणि गाडी आणखी सुसाट सुटते. म्हणून बसल्यावर पहिली गोष्ट, गाडी बंद असतानाच दहा वेळा सराव करा: भीती वाटली की अंगठा वर. हँडल धरा, पण अंगठा वर.

दुसरी सवय, पाय. मोटरसायकल कलली की आपण पाय टेकवतो. गल्लीत शिकलेली सवय आहे ती, डोक्यात नाही, पायात बसलेली. स्नोमोबाइलवर पाय बाहेर काढला तर तो गाडीखाली किंवा बर्फात अडकतो, आणि वर अडीचशे किलो. पाय कायम पायपट्टीवरच ठेवायचे. गाडी कलली तर अंगाचा भार दुसऱ्या बाजूला न्यायचा.

तिसरी सवय, ब्रेक. ब्रेक मागच्या पट्ट्याला लागतो. स्कीला ब्रेक नसतो. घट्ट बर्फावर गाडी थांबायला डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं, आणि त्यात हँडल वळवलं तरी गाडी सरळच घसरत जाऊ शकते. समोर झाड दिसल्यावर ब्रेक मारू, हे गणित इथं चालत नाही. वेग आधीच कमी पाहिजे.

आणखी एक वस्तू, किल स्विच. बऱ्याच गाड्यांना एक दोरी असते, एक टोक गाडीला, दुसरं तुमच्या जॅकेटला. तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती लावली नाही तर तुम्ही खाली आणि गाडी मोकळी पुढं, समोरच्या माणसांच्या अंगावर. दोरी असेल तर लावा. भाड्यानं देणारा म्हणेल, "नाही लावली तरी चालतंय." आपल्याला चालत नाही.

कपडे, ओढणी आणि वाऱ्याचं गणित

आपल्याकडं मोटरसायकलच्या चाकात ओढणी किंवा साडीचा पदर अडकून झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. फिरणारा पट्टा त्याहून वाईट. लांब मफलर, ओढणी, मोकळे केस, जॅकेटच्या लोंबणाऱ्या दोऱ्या, सगळं आत खोचा. काश्मीरमध्ये फोटोसाठी भाड्यानं घेतलेला तो पारंपरिक पोशाख अंगावर असेल तर आधी काढा, मग बसा.

जीन्स नको. सुती कापड ओलं झालं की अंगातली ऊब ओढून घेतं आणि वाळत नाही. आत लोकरीचं किंवा थर्मल, बाहेर पाणी न शिरणारं.

वाऱ्याचं गणित ऐका. हवा उणे १० अंश आणि गाडी ताशी ५० किलोमीटरनं पळतेय, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २२ च्या आसपास जाणवते. दहा-पंधरा मिनिटांत बोटं, नाक, कानाची पाळी बधिर व्हायला लागू शकते. कातडी पांढरट पडली, दुखायचं थांबलं, तर बरं वाटतंय असं समजू नका. तो हिमदंशाचा इशारा आहे. त्यावर बर्फ चोळायचा नाही, शेकोटीला थेट शेकायचं नाही. काखेत हात धरा, आत जा, आणि डॉक्टरला दाखवा.

हेल्मेटबद्दल वेगळं बोलायला पाहिजे का? आपल्याकडं पोलीस दिसला की हेल्मेट घालायचं, असा नियम आहे! बर्फ मऊ दिसतो, पण पट्ट्यांनी दाबून घट्ट झालेला बर्फ काँक्रीटसारखा लागतो. आणि झाडं, दगड, कुंपणाच्या तारा कुठंच मऊ नसतात.

लहान मुलांचं सांगतो. आपण पोराला स्कूटीवर पुढं उभं करतो ना, तसं इथं कधीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की १६ वर्षांखालच्यांनी स्नोमोबाइल चालवू नये आणि ६ वर्षांखालच्या मुलाला मागं बसवूनही नेऊ नये. काका कितीही म्हणू द्या, "एक फोटो फक्त."

खुणा केलेली वाट सोडायची नाही

मिनेसोटात स्नोमोबाइलसाठी वेगळ्या वाटा असतात, ट्रेल म्हणतात त्यांना. त्यावर पाट्या असतात: वळण, थांबा, रस्ता आडवा येतोय. तिथला नियम असा की ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या तिथल्या रहिवाशाला आधी सुरक्षेचा कोर्स करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सार्वजनिक जागेवर वेगाची कमाल मर्यादा ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर. तुम्ही तिकडं राहायला असाल तर तो कोर्स कराच. ऑनलाइन करता येतो, आणि आपण त्याहून अवघड परीक्षा दिल्यात.

तिकडं वाहतूक उजव्या बाजूनं. कारमध्ये हे लक्षात राहतं, कारण समोर बाकीच्या गाड्या असतात. जंगलातल्या रिकाम्या वाटेवर आपला मेंदू गुपचूप डावीकडं सरकतो. आंधळ्या वळणावर समोरून कुणी आलं, तर तो त्याच्या उजवीकडं असेल आणि तुम्ही त्याच्या तोंडावर. वळणाआधी स्वतःशी मोठ्यानं म्हणा, "उजवीकडं."

रात्रीचा नियम सोपा आहे: दिव्याचा उजेड जिथवर पोचतो, त्याच्या आत गाडी थांबली पाहिजे. त्याहून वेगात जात असाल तर तुम्ही डोळे मिटून चालवताय. दारू प्यायली असेल तर गाडीला हात लावायचा नाही. थंडीत दारूनं ऊब येते हा गैरसमज आहे. कातडी गरम लागते, पण अंगातली उष्णता उलट लवकर बाहेर जाते.

आता हिमालय. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तुम्ही गुलमर्गच्या पार्किंगमध्येच महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर उभे असता. गंडोल्याचा पहिला टप्पा ३,००० मीटरच्या वर आणि अफरवटचा दुसरा टप्पा ३,९०० च्याही वर. पहिल्याच दिवशी धाप लागली, डोकं दुखलं, तर त्या दिवशी गाडी नको.

आणि तिथला मोठा धोका म्हणजे हिमस्खलन. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर हिमस्खलन झालं, त्यात पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा, एक रशियन स्कीअर गेला. ही माणसं बर्फात नवखी नव्हती, आणि तरीही असं होतं. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार, त्यावर नुकताच पडलेला भरपूर बर्फ, आणि वरून एखादा धक्का. गाडीचं वजन हासुद्धा धक्काच. उताराच्या खाली उभं राहून रील काढणंही तितकंच धोक्याचं, कारण बर्फ येतो तो खालीच.

गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात मोलाची असतात. बाहेरून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून डोंगरात खोलवर जाणाऱ्या प्रत्येकाकडं सिग्नल देणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं असतं. तुमच्याकडं हे नाही? मग तुमची जागा सपाट मैदानातली खुणांची वाट. डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते आणि ते बातम्यांत येतात. सकाळी हॉटेलमधून निघताना पराठ्याबरोबर तेवढं बघायचं.

गोठलेलं तळं: इथं खरा खेळ आहे

आता आजचा मुख्य भाग. नीट ऐका.

शाळेत शिकलेलं आठवा. पाणी ४ अंशांवर सगळ्यात जड असतं. म्हणून थंडीत ४ अंशाचं पाणी तळाशी जातं, आणि ० अंशाचं वर राहून गोठतं. तळं वरून खाली गोठतं. वर झाकण, खाली जिवंत पाणी. मासे जगतात ते यामुळंच, आणि माणसं बुडतात तीही यामुळंच. तुम्ही जमिनीवर नसता, झाकणावर असता.

ते झाकण किती जाड पाहिजे? मिनेसोटाचं नैसर्गिक संसाधन खातं जे आकडे सांगतं ते असे: माणसाला चालायला किमान ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच, छोट्या कारला ९ ते १० इंच. पण हे नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाचे आकडे आहेत. पांढरा, दुधी बर्फ असेल तर त्यात हवा असते आणि ताकद साधारण निम्मी. मग जाडी दुप्पट धरा. म्हणजे स्नोमोबाइलला १० ते १४ इंच, वीतभराहून जास्त. आणि करडा, राखाडी बर्फ दिसला तर त्यात पाणी शिरलेलं असतं. त्यावर जाडी मोजायचीच नाही, मागं फिरायचं.

तेच खातं एक वाक्य कायम सांगतं, ज्याचा अर्थ असा की कुठलाही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. कारण एकाच तळ्यावर इथं ८ इंच आणि वीस पावलांवर ३ इंच असू शकतो. ओढा जिथं तळ्याला मिळतो तिथं पातळ. पाणी बाहेर पडतं तिथं पातळ. पुलाखाली, जिवंत झऱ्यावर, पाणवनस्पतींच्या आसपास पातळ. वर भुसभुशीत बर्फाचा थर असेल तर तो गोधडीचं काम करतो, खालचं पाणी उबदार ठेवतो आणि झाकण जाड होऊ देत नाही. म्हणजे जिथं बर्फ जास्त दिसतो, तिथं झाकण पातळ असू शकतं. आहे का नाही गंमत?

मी मिनेसोटात एक सवय बघितली, ती मला फार आवडली. तळ्याजवळ मासेमारीचं सामान विकणारी छोटी दुकानं असतात. तिथले जुने लोक तळ्यावर जायच्या आधी दुकानात डोकावतात आणि विचारतात, "आज किती इंच?" पन्नास हिवाळे बघितलेला माणूससुद्धा विचारतो. त्याला लाज वाटत नाही. मग तळ्यावर गेल्यावर गिरमिटानं भोक पाडतो, मोजतो, दीडशे फूट पुढं जातो, पुन्हा भोक पाडतो. मला सोबत नेणाऱ्या सहकाऱ्यानं भोकात पट्टी घालून दाखवली: वरचे काही इंच दुधी, खालचे काचेसारखे. तो म्हणाला, "वरचे निम्मेच मोज." एवढं सगळं करून तो त्या दिवशी परत फिरला. कुणी हसलं नाही.

आपल्या देशातही हे प्रश्न येतात. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८ च्या खाली गेला, दल सरोवर गोठलं, लोक त्यावर चालायला आणि खेळायला लागले, आणि प्रशासनाला सांगावं लागलं की बर्फावर जाऊ नका. लडाखमध्ये पँगाँगवर फेब्रुवारी २०२३ मध्ये २१ किलोमीटरची मॅरेथॉन झाली, गिनीज बुकात नोंद झाली. ते व्हिडिओ बघून वाटतं, एवढी माणसं पळतात, मग आपण का नाही? पण ती तारीख ठरवून, मार्ग आखून, बंदोबस्तात झालेली शर्यत होती. एका दिवशीच्या एका मार्गाची हमी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मार्गाला लागू होत नाही. त्यात पँगाँगचं पाणी खारट. खाऱ्या पाण्याचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा कमजोर असतो.

बर्फ फुटला तर?

समजा सगळं करूनही झाकण फुटलं. इथं एक सूत्र पाठ करा: १-१०-१. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिस्ब्रेख्त नावाचे प्राध्यापक आहेत, त्यांनी स्वतः थंड पाण्यात उतरून या विषयाचा अभ्यास केलाय. हे सूत्र त्यांचंच.

पहिला १ म्हणजे एक मिनिट. गार पाण्यात पडल्याबरोबर जोराची धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. त्या मिनिटात एकच काम: तोंड पाण्याबाहेर ठेवायचं आणि श्वास शांत करायचा. धडपड नाही.

मग १० मिनिटं. एवढा वेळ हातपाय कामाचे असतात. आलात त्याच दिशेला वळा, कारण त्या बाजूच्या बर्फानं तुम्हाला इथवर पेललं होतं. कोपर बर्फावर टेकवा, पाय मागं पोहल्यासारखे मारा, अंग आडवं करा आणि छातीवर सरकत वर या. वर आल्यावर उभं राहायचं नाही. लोळत, गडबडा लोळत लांब जायचं, म्हणजे वजन पसरतं. तिकडं लोक गळ्यात दोन टोकदार खुंट्या अडकवतात, बर्फात रोवून ओढून घ्यायला. स्वस्त वस्तू आहे, तळ्यावर जाणार असाल तर घ्याच.

आणि शेवटचा १ म्हणजे एक तास. बऱ्याच जणांना वाटतं, बर्फाच्या पाण्यात दोन मिनिटांत खेळ संपतो. तसं नसतं. थंडीनं शुद्ध हरपायला साधारण तासभर लागू शकतो. म्हणजे बाहेर येता आलं नाही तरी हात बर्फावर पसरून स्थिर राहा. बाह्या बर्फाला चिकटून गोठल्या तर शुद्ध गेल्यावरही तुम्ही खाली जाणार नाही. मदत येईपर्यंत वेळ आहे. हे माहीत असणं हाच मोठा आधार.

आणि तुम्ही काठावर असाल, मित्र पाण्यात असेल, तर? धावत जायचं नाही. त्याला पेललं नाही त्या बर्फानं, तुम्हाला का पेलेल? आधी मदतीला फोन. मग लांबून ओरडून धीर द्या. मग काठी, दोरी, बेल्ट, जे असेल ते त्याच्याकडं फेका. जवळ जावंच लागलं तर पोटावर झोपून. आपल्याकडं विहिरीत एक पडला म्हणून दुसरा उतरला, आणि दोघंही गेले, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. तीच गोष्ट.

तिसरं कारण: आपला पूल

आता सुरुवातीला राहिलेलं तिसरं कारण. ऑगस्ट २०२५ आठवा. मुखेड तालुक्यात एका रात्रीत धो-धो पाऊस झाला, हसनाळ, रावणगाव, भासवाडी ही गावं पाण्यानं वेढली, लष्कराला बोलवावं लागलं. माणसं गेली, जनावरं गेली. आणि दर पावसाळ्यात तेरणा, मांजरा, मन्याड, लेंडी कुठं ना कुठं पुलावरून वाहतात. काठावर दहा मोटरसायकली थांबलेल्या असतात. एकजण म्हणतो, "गुडघाभरच तर आहे, घाल गाडी." तो जातो. मग दुसरा जातो.

गोठलेलं तळं आणि पाण्याखालचा पूल, दोन्हीकडं प्रश्न एकच आहे. वरचा भाग दिसतो. आपल्याला पेलणारा भाग दिसत नाही. पाण्याखाली डांबर आहे का खचलंय, बर्फ ८ इंच आहे का ३, हे गाडीवर बसून कळत नाही. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं की जोरात वाहणारं ६ इंच पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि १२ इंच पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं. १२ इंच म्हणजे गुडघ्याच्याही खाली, बरं का.

आणि दोन्हीकडं पुढच्या माणसाचं सुखरूप जाणं हा पुरावा नसतो. तो गेला म्हणजे त्याच्या वजनाला, त्या क्षणाला, त्या जागेनं पेललं, एवढंच. उलट बर्फाला त्याच्या जाण्यानं तडा गेलेला असू शकतो, आणि पुलाचा भराव आणखी वाहून गेलेला असू शकतो.

नाही म्हणायचं कसं?

माझ्या मते सगळ्यात अवघड हेच आहे. आकडे पाठ होतात. पण सहा मित्र गाडीवर बसलेत, पैसे भरलेत, गाइड म्हणतोय "कुछ नहीं होगा भैया", आणि तुम्ही म्हणायचं की मी येणार नाही. आपल्या पोरांना याचीच सवय नाही. भित्रा म्हणतील, ही भीती बर्फापेक्षा मोठी वाटते.

त्यासाठी एक उपाय. प्रोग्रॅम लिहिताना आपण अट आधी लिहितो, मग कोड चालवतो. तसंच करा. ट्रिपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, घरी बसून, डोकं थंड असताना अटी लिहून टाका. हेल्मेट नसेल तर बसायचं नाही. तळ्यावर गाडी घालायची असेल तर आज किती इंच आणि कुणी मोजलं, हे विचारायचं, उत्तर मिळालं नाही तर काठावरच थांबायचं. खुणांच्या बाहेर जायचं नाही. आणि आपल्यातल्या एकानंही "नको" म्हणलं तर कुणीच जायचं नाही. एकदा लिहिलं की तिथं वाद घालावा लागत नाही. नकार अटीचा असतो, तुमचा नाही.

भाड्यानं देणाऱ्याला विचारायचे चार प्रश्न स्क्रीनशॉट काढून ठेवा. किल स्विच कुठं आहे? थांबायचं कसं, दाखवता का? आज कुठला भाग बंद आहे? काही झालं तर फोन कुणाला, आणि इथं रेंज आहे का? भारतात ११२ लक्षात ठेवा, अमेरिका-कॅनडात ९११. नीट उत्तरं मिळाली तर तो माणूस भरवशाचा. चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि प्रवास विमा काढताना बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये असे साहसी खेळ धरलेले नसतात.

चला, आजच्यापुरतं एवढंच. या हिवाळ्यात तुमच्या ओळखीतलं कुणी गुलमर्ग, सोलांग, सिस्सूला जाणार असेल, किंवा कुणाचा भाऊ-बहीण मिनियापोलिस नाहीतर टोरांटोत पहिला हिवाळा काढणार असेल, तर त्यांना हा भाग पाठवा. आणि जून लागला की पुलाचा भाग पुन्हा ऐका. तुमच्या गावच्या पुलावर पाणी आल्यावर थांबायचं कुठं, पर्यायी रस्ता कुठला, हे कमेंटमध्ये लिहा. पावसाळ्याआधी सगळं एकत्र करून एक भाग करू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात. राम राम!